बाईसंग बसा लागते

माणसानं नीट, सकस काहून खावं, यावर मी सरकारचा पगार घेऊन काही वर्षं बोलले. माझं ऐकून कुणी एक घास जास्त खाल्ला असेल असं मला वाटत नाही. लोकांनी खाल्लं, पण ते भलत्याच कारणांनी. त्यातलं एक कारण मी स्वतःच होते.

साठ साल उलटलं होतं. महाराष्ट्र नवा होता, पंचायत समित्या त्याहून नव्या होत्या, आणि ग्रामसेविका म्हणून मी सगळ्यांत नवी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझी नेमणूक झाली. बाजारहाट सगळा जवळच्या बोरी अरब गावचा. मी अमरावतीत वाढलेली, विशीतली, अंगानं काडी. सोबत एक वळकटी, वातीचा स्टोव्ह, सरकारी शिलाई मशीन आणि गुंडाळलेले तक्ते. आहारशास्त्राच्या पेपरात मी प्रशिक्षण केंद्रात पहिली आले होते. त्या विषयात मला न येणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे खाणं. पालेभाजी तर लहानपणापासून घशाखाली उतरत नसे. आई ताटाशी बसून विनवण्या करायची आणि मी मेथीची काडी न् काडी कडेला लावून ठेवायची.

गावात एका खात्यापित्या शेतकऱ्याच्या घराची बाहेरची खोली मला मिळाली. घर चालवायची ती त्या घरची सासू. साठीची, उंच, विधवा, आवाज असा की शेतातला गडी बांधावरून ऐकेल. मी तिला मावशी म्हणायची. तिला दोन मुलगे, दोन सुना. मोठी सून धिप्पाड, दिवसभर चुलीपुढे. लहानी सून माझ्याच वयाची, दुसऱ्यांदा पोटुशी, आणि तिचा रंग पीठ कालवल्यासारखा.

मावशीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुह्या जेवणाचं कसं वं बाई?"

"मी करते ना माझं," मी ऐटीत म्हणाले.

माझं म्हणजे काय, तर सकाळी चहा, दुपारी चहा, संध्याकाळी मुरमुरे-फुटाणे. बाजाराच्या दिवशी बिस्किटं. एकटीसाठी कोण भाकरी थापणार? स्टोव्हवर चहाशिवाय दुसरं काही शिजलेलं त्या खोलीनं पाहिलं नाही. आणि तेवढं पोटात ढकलून मी पारावर बायांना चौरस आहार शिकवायला जात असे.

बाया यायच्या मशीनसाठी. झंपर शिवायला शिकायचं होतं सगळ्यांना. मी अट घातली होती, आधी आहार, मग मशीन. त्यामुळे तक्ता उघडला की त्या चेहऱ्यावर असा भाव आणून बसायच्या, जसा आपण भटजी मंत्र म्हणत असताना आणतो.

तक्त्यावर एक ताट काढलेलं होतं. त्यात दूध, अंडं, टमाटा, गाजर, आणि मधोमध एक लालभडक सफरचंद.

"हे लाल कायचं होय?" एकीनं विचारलं.

"सफरचंद."

"कुठं भेटते?"

"काश्मीरकडे होतं."

"मंग तिकडच्याच बायाइले सांगा लागत होतं," ती म्हणाली, आणि सगळ्या पदरात तोंड घालून हसल्या.

मी सफरचंद सोडून पालेभाजीवर आले. पालेभाजीत लोह असतं, मी सांगितलं, लोह म्हणजे लोखंड, त्यानं रक्त वाढतं. त्यावर फार गंभीर चर्चा झाली. लोखंडच पाहिजे तर विळा उकळून त्याचं पाणी प्यायलं तर चालेल काय, असं एका म्हातारीनं विचारलं. मी म्हटलं, विळा कशाला, बांधावर तरोटा उगवतो, घोळ उगवते, चिवळ मिळते, फुकटची आहे. फुकटची म्हटलं आणि तिथंच सगळं बिघडलं. बायांत बसलेली मावशी पहिल्यांदा बोलली.

"बाई, तरोटा खुडाले आमच्या सुना बांधावर गेल्या त लोक काय म्हणतीन? म्हणतीन, घरात दाणा नाही राह्यला याइच्या."

म्हणजे ज्यांच्या घरी दाणा होता त्या अब्रूसाठी पाला खात नव्हत्या, आणि ज्यांच्या घरी नव्हता त्या खात होत्या पण कुणाला सांगत नव्हत्या. माझ्या पुस्तकात अब्रू नावाचं जीवनसत्त्व नव्हतं.

लहान्या सुनेकडे माझं लक्ष गेलं ते भिंतीमुळे. स्वयंपाकघराची मातीची भिंत कोपऱ्यात बोटभर खोल उकरलेली दिसे. मावशी उंदरांना शिव्या द्यायची, मोठी सून दर आठवड्याला पांढऱ्या मातीनं पोतारून घ्यायची, आणि चार दिवसांत भोक पुन्हा तेवढंच. एकदा दुपारी मी पाणी मागायला आत गेले तर लहानी भिंतीला टेकून उभी, आणि ओठावर पांढरी माती. मला पाहून तिनं तोंड पुसलं.

"कोणाले सांगू नको बाई," ती म्हणाली. "मले राहवतच नाही. पाणी शिंपडलं की असा वास सुटते!"

अंगात रक्त नसलं की बाईला माती खावीशी वाटते, हे मी पाठ केलेलं होतं. उत्तरपत्रिकेत लिहिलंही होतं. माती खाणारी बाई प्रत्यक्षात मात्र पहिल्यांदाच पाहत होते. तिचं जेवण काय होतं, तेही मग मी पाहू लागले. पुरुष शेतातून येऊन जेवायचे, मग पोरं, मग सासू, मग मोठी, आणि शेवटी लहानी. तोवर वरणाच्या गंजात पाणी उरलेलं असे आणि भाजीच्या कढईत वास. ती सकाळची गार भाकर तिखटाशी खायची. त्यात पोटुशी बाईनं कमी खावं, म्हणजे लेकरू लहान राहतं आणि सुटका सोपी होते, हे सगळ्या गावाचं शास्त्र.

मी मावशीकडे गेले. मातीचं बोलले नाही, वचन दिलं होतं. एवढंच म्हटलं की लहानीला ताजं, गरम, आधी वाढत जा.

मावशीनं सुपातली तूर खाली ठेवली. "म्हणजे? आम्ही काय उपाशी मारून राह्यलो काय तिले?"

"तसं नाही मावशी—"

"माह्या वेळी मी आदल्या दिवसापर्यंत कापूस वेचला. कोणं वाढलं मले आधी? तुह्या सरकारनं?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, पण ते पाऊस लांबल्याबद्दल.

मग मी ठरवलं की रक्तक्षयावर एक असं भाषण करायचं की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. त्या दुपारी पारावर बऱ्याच बाया जमल्या. मावशीही होती, कारण तिच्या झंपराचं बटण राहिलं होतं. मी सगळ्यांना डोळ्याची खालची पापणी ओढून एकमेकींची पाहायला लावली. आत लाल दिसलं तर रक्त आहे, पांढरं दिसलं तर नाही. हे त्यांना फारच आवडलं, खेळच झाला. मी फळ्याशेजारी उभं राहून आवाज चढवला. म्हणाले, "बायांनो, ज्या बाईच्या अंगात रक्त नाही ती कधी भोवळ येऊन पडेल याचा नेम नाही—"

आणि पडले. फळा, तक्ता, मी, सगळंच.

शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी फोडलेला कांदा होता, अंगावर तांब्याभर पाणी होतं आणि मावशीचं डोकं माझ्या तोंडावर वाकलेलं होतं. तिनं आपल्या खरखरीत अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढलेली होती.

"पाहा वं," ती सगळ्यांना म्हणाली. "हिचीच पांढरी हाय. पार चुन्यासारखी."

सगळ्या बायांनी आळीपाळीनं वाकून माझी पापणी पाहिली. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत यशस्वी प्रात्यक्षिक.

मावशी मला धरून घरी घेऊन आली. तिनं माझी खोली पाहिली, मुरमुऱ्याचा डबा पाहिला, स्टोव्ह पाहिला. बाकी काही पाहण्यासारखं नव्हतंच.

"हे खाते तू?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"आणि आम्हाले शिकवते?"

मला वाटलं आता ही गावभर सांगणार. तिनं सांगितलंच, पण त्याचा परिणाम मला वाटला होता तसा झाला नाही. सरकारनं भरवशानं आपल्या गावात पाठवलेली पोरगी उपाशी पडते, म्हणजे गावाची अब्रू गेली. बांधावरच्या तरोट्यानं जी अब्रू जात होती, तीच. दुसऱ्या दिवशी मावशीनं फर्मान काढलं, "आजपासून माह्या घरी जेवजो. नाही म्हणशीन त खोली खाली कर."

अकराच्या सुमाराला मला आत बोलावलं. ताटात गरम ज्वारीची भाकर, घट्ट तुरीचं वरण, जवसाची चटणी, गूळ, ताक. आणि ताटाचा निम्मा भाग व्यापून अंबाडीची भाजी, कण्या घालून केलेली. माझ्यासाठी शेतातून मुद्दाम आणवली होती, कारण पाल्यात लोखंड असते हे मीच सांगितलं होतं ना! सासू पाटावर, मोठी चुलीशी, लहानी दाराआड, आणि सगळ्यांची नजर माझ्या हातावर.

अंबाडी, म्हणजे पालेभाजीच. सुटका कशी करून घ्यावी ते सुचेना. तोंडातून निघून गेलं, "मावशी, मी एकटी जेवत नाही. मला सवय नाही."

धडधडीत खोटं होतं ते. पण पाहुणा एकटा जेवत नाही म्हटल्यावर वऱ्हाडातल्या घरात काय होतं, हे मला कुठं ठाऊक होतं? मावशीची पंचाईत झाली. ती स्वतः एकच वेळ जेवायची, तेही उशिरा. मोठीचे हात पिठात. उरली लहानी.

"बस वं तिच्यासंग," मावशी म्हणाली.

लहानी दारातच थिजली. "माणसं जेवाची हायेत अजून."

"त राहू दे. बाईसंग बसा लागते. घरी आलेल्या माणसाले एकटं वाढते काय कोणी?"

लहानी बसली. लग्न झाल्यापासून पुरुषांआधी जेवायला बसण्याची तिची ती पहिली वेळ. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाल्ल्याशिवाय ती खाणार नाही, ते तिच्या रीतीत बसत नव्हतं. ती खात नाही तोवर मावशीची नजर हटणार नाही. मी अंबाडीचा घास घेतला. आंबट, गिळगिळीत, वरून लसणाची फोडणी. तो घास मी कसा गिळला हे मलाच माहीत. लगेच लहानीनं घेतला. मग मी, मग ती. दोघी एकमेकींच्या धाकानं ताट संपवून उठलो.

मग ते रोजचंच झालं. मावशीला काही दिवसांतच या यंत्राची कळ सापडली. मी कमी खाल्लं की ती मला काही बोलायची नाही, लहानीला ओरडायची, "तू खाऊन नाही राह्यली म्हून ते खाऊन नाही राह्यली!" आणि लहानी कमी खाऊ लागली की मला म्हणायची, "बाई, तूच हात आखडला त हे पोरगी काय खाईन?" लहानीच्या तब्येतीसाठी मी जेवत होते, माझ्या तब्येतीसाठी लहानी जेवत होती. स्वतःच्या तब्येतीसाठी आम्ही दोघींनीही एक घास खाल्ला नाही.

एक दिवस लहानीचा नवरा औताचा फाळ मोडला म्हणून लवकर घरी आला. आत बायको जेवताना पाहून तो दारातच उभा राहिला. लहानीचा घास हातातच राहिला.

"हे काय चालू हाय, माय? आमच्या आधी?"

मावशी जागची हलली नाही. "सरकारी काम हाय ते. तू बस तिकडं ओसरीवर."

तो खरंच जाऊन बसला. कापसाच्या भावापुढे आणि सरकारपुढे माणसाचं काही चालत नाही, हे त्याला माहीत होतं.

गावात ही गोष्ट पसरली तशी चढाओढ लागली. मावशीच्या घरी बाई जेवते, मग आमच्या घरी काहून नाही? मला आमंत्रणं येऊ लागली. मीही आता पक्की झाले होते. ज्या घरी पोटुशी किंवा अंगावर पाजणारी सून असेल तिथं जाऊन सांगायची, मी एकटी जेवत नाही, तिला बसवा. आणि पाला आपोआप अब्रूचा झाला, कारण बाईले पाला लागते. घोळ, चिवळ, हरभऱ्याची भाजी, मुंगण्याचा म्हणजे शेवग्याचा पाला. कुणी काय रांधलं याची पारावर चर्चा होई. नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर नायकाच्या घरी गेले तर तिथल्या म्हातारीनं, जिला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणायचा, दोन सुना आणि एक लेक माझ्याभोवती आधीच बसवून ठेवल्या होत्या. भाकरीला तिथं बाटी म्हणत. ती इतकी मोठी की दोघींत एक पुरे.

गावाच्या दक्षिणेच्या वस्तीतली एक बाईही माझ्या वर्गाला यायची आणि जरा अंतर ठेवून बसायची. ते लोक छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेले. तिनं मला बोलावलं तेव्हा तिचा स्वर विचारण्याचा नव्हता, पारखण्याचा होता. मी गेले. तिथं मला माझं वाक्य वापरावंच लागलं नाही. नवरा-बायको दोघंही मजुरीला जायचे, एकाच वेळी निघायचे, म्हणून जेवायचेही एकाच वेळी, सोबत. परत आले तर मावशी माझ्याकडे पाहीना. दुसऱ्या दिवशी मला जेवायला बोलावणं आलं ते उशिरा, आणि ताट जरा दूर ठेवलेलं. मी जेवले. त्याच्या पुढच्या दिवशी ताट पुन्हा जागेवर आलं. भाकर वाढता वाढता मावशीनं विचारलं, "काय शिजवलंतं त्याइनं?"

"तरोटा. आणि डाळ."

"चांगला झालता?"

"खूप."

त्या आठवड्यात मावशीच्या घरी तरोटा शिजला. अब्रूबद्दल कुणी काही बोललं नाही. चवीत आपण मागं पडायचं नाही एवढंच तिनं मनावर घेतलं होतं.

पुढे पंचायत समितीतून साहेब तपासणीला आले. बायांचे चेहरे पाहून खूश झाले. लहानीचे गाल तोवर भरले होते, भिंत शाबूत होती. साहेबांनी मावशीला प्रेमानं विचारलं, "आजी, सुनेला पालेभाजी का देता?" त्यांना लोह ऐकायचं होतं. मी मागून ओठ हलवून सांगायचा प्रयत्न केला.

"बाई एकटी जेवत नाही म्हून," मावशी म्हणाली.

साहेब हसले. भोळं माणूस, असं काहीतरी म्हणाले. जाताना माझं कौतुक केलं, आणि तक्त्यांचा एवढा उपयोग होतो आहे तर आणखी तक्ते पाठवतो म्हणाले. ते आले. सफरचंदासकट.

लहानीला मुलगी झाली, चांगली वजनदार. सुटकेला वेळ लागला तेव्हा मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की सगळा दोष अंबाडीचा आणि माझा. पण मायलेकी धडधाकट निघाल्या. नातू नाही म्हणून मावशी दोन दिवस घुश्शात राहिली, तिसऱ्या दिवशी नातीला तेल लावायला स्वतः बसली. मी दिवाळीला अमरावतीला गेले तर आईनं दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढी जाड झालीस? आता कुणाला दाखवायची तुला?" म्हणाली. मेथी केली होती तिनं. मी ती खाल्ली. आई रडायच्या बेताला आली.

मग माझी बदली आर्णीला झाली. यशस्वी प्रयोग दुसरीकडे करायचा, असं साहेबांचं म्हणणं. मी पहिल्याच घरी जाऊन मोठ्या विश्वासानं सांगितलं, "मी एकटी जेवत नाही." घरधनीण म्हणाली, "मग बसस्टँडजवळ खानावळ आहे ना. तिथं लय गर्दी राहते." बाजारपेठेचं गाव होतं ते. उपाशी नोकरदार तिथं पुष्कळ पाहिलेले. चक्कर येऊन पडावं म्हटलं तर तब्येत सुधारलेली. तिथं पालेभाजीचं काम मला काही जमलं नाही. मशीनचं मात्र उत्तम चाललं.

दोनेक वर्षांनी दारव्ह्याच्या बसस्टँडवर मावशीची मोठी सून भेटली. तिनं मला हाक मारली, मिठीच मारली. मावशी बरी होती, लहानीला आता मुलगा होता. मी भीत भीत विचारलं, जेवणाचं कसं चालतं.

"पोटुशी बाईनं आधी जेवाचं, हे आता सगळ्याच घरी हाय," ती म्हणाली. "सासूबाईनं सांगून देलं ना, सरकारनं नियम काढला म्हून. नाही वाढलं त चौकशी येते म्हणे."

"असा काही नियम नाही हो!"

"हे नवी बाई आली ना, तेही असंच म्हणे. आम्ही तिले सांगतलं, तू नवी हाय, तुले माहीत नाही."

मला हसू आवरेना. तीही हसली. मग मी विचारलं, "आणि तुमचं? तुम्ही कधी जेवता?"

"माह्यं काय? मी शेवटी," ती सहज म्हणाली. "तुम्ही दोघी जेवत होत्या तवा भाकरी कोण करे? मीच ना. आता मी पोटुशीही नाही आणि बाईही नाही. मले कोण बसवते आधी?"

तिची नेरची बस लागली. तिकडं तिचं माहेर होतं. ती पिशवी सावरत चढली, खिडकीशी जागा मिळवली आणि तिथून ओरडून म्हणाली, माहेरी चार दिवस राहणार, तिथं भावजया आयतं वाढतात, तेव्हा तिची काळजी करू नको.